सॉल्व्हंटमधला स्टॅबिलायझर: या चुका टाळा

टीएचएफच्या (टेट्राहायड्रोफ्युरान, इथर प्रकारातला सॉल्व्हंट म्हणजे द्रावक) बाटलीवर ‘बीएचटी 250 पीपीएम’ असं छापलेलं असतं. बीएचटी हा त्यातला स्टॅबिलायझर, म्हणजे सॉल्व्हंट खराब होऊ नये म्हणून घातलेलं रसायन; पीपीएम म्हणजे दहा लाखात किती भाग. हे प्रमाण बाटली भरली तेव्हाचं. आज त्यातलं किती उरलंय, ते लेबल सांगत नाही, आणि बहुतेकजण नेमके इथेच फसतात. हवेतल्या ऑक्सिजनमुळे इथरमध्ये पेरॉक्सी रॅडिकल (साखळी प्रक्रिया पुढे नेणारे अतिक्रियाशील कण) तयार होतात. बीएचटी त्यांना हायड्रोजन देऊन साखळी तोडतो, पण त्यात स्वतः खर्च होतो. तो संपला की स्फोटक पेरॉक्साइड साचू लागतं. म्हणून बाटली उघडल्याची तारीख लिहा आणि वापरण्याआधी पेरॉक्साइडच्या टेस्ट स्ट्रिपने तपासा. झाकणाभोवती किंवा तळाशी स्फटिक दिसले, तर बाटलीला हातही लावू नका. सुरक्षा अधिकाऱ्यांना बोलवा.

सगळ्यात घातक चूक डिस्टिलेशनची. बीएचटी सहज उडत नाही, तो फ्लास्कमध्येच राहतो. वर आलेलं टीएचएफ कितीही स्वच्छ दिसलं तरी त्याला आता कसलंच संरक्षण नसतं. आधीचं पेरॉक्साइडही तळाशी दाट होत जातं. त्यामुळे तपासल्याशिवाय डिस्टिलेशन लावू नका आणि फ्लास्क कधीही कोरडा होऊ देऊ नका. मिळालेलं टीएचएफ लगेच वापरा. ठेवायचंच असेल तर बीएचटी पुन्हा घालून, नायट्रोजनखाली, अंधारात ठेवा.

क्लोरोफॉर्मची गोष्ट वेगळी. ऑक्सिजन आणि उजेड मिळाला की त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू आणि हायड्रोजन क्लोराइड तयार होतं, म्हणून त्यात साधारण 0.5 ते 1 टक्का इथेनॉल किंवा थोडं अॅमिलीन (एक अल्कीन) घालतात. यातलं काय आहे, हे न वाचता बाटली उचलली की रिअॅक्शन बिघडते. हिशेब करून पाहा: 10 मिली क्लोरोफॉर्म म्हणजे जवळपास 15 ग्रॅम. त्यात वजनाने 1 टक्का इथेनॉल असेल, तर ते 3 मिलिमोलच्या वर जातं. तुमचं अॅसिड क्लोराइड 1 मिलिमोल असेल, तर ते इथेनॉलशी जुळून एस्टर होऊन बसणारच! अशा कामाला अॅमिलीनवालं क्लोरोफॉर्म घ्या. इथेनॉल पाण्याने धुऊन काढलंत, तर ते क्लोरोफॉर्म साठवून ठेवू नका.

एनएमआरमध्ये (रेणूची रचना ओळखण्याची चाचणी), सीडीसीएल3 मध्ये (ड्युटेरियमवालं क्लोरोफॉर्म), 1.43, 2.27 आणि 6.98 पीपीएमला (इथे पीपीएम म्हणजे सिग्नलची जागा) अनोळखी सिग्नल दिसले, तर प्रॉडक्टवर शंका घेण्याआधी बीएचटी आठवा. रोटाव्हॅपवर (सॉल्व्हंट उडवून काढण्याचं यंत्र) सॉल्व्हंट उडतो, बीएचटी मागे राहतो. एचपीएलसीला (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजण्याचं यंत्र) यूव्ही डिटेक्टर असेल तर बीएचटीही त्यात दिसतो, म्हणून स्टॅबिलायझर नसलेलं टीएचएफच लागतं, पण ते छोट्या बाटल्यांमध्येच मागवा.