जर्मन विद्यापीठाशी विद्यार्थी-देवाणघेवाण: सह्यांच्या आधीची तयारी

मुंबई आणि श्टुटगार्ट ही १९६८ पासून भगिनी-शहरे आहेत आणि महाराष्ट्र व श्टुटगार्ट ज्यात येते ते जर्मनीतले बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्यांत २०१५ पासून भागीदारी आहे. त्यामुळे आपल्या महाविद्यालयाने तिकडच्या विद्यापीठाशी बोलणी सुरू करणे अवघड नाही. सामंजस्य करार होतो, शाल-श्रीफळ दिले जाते, छायाचित्रही निघते. विद्यार्थी मात्र जातो तो श्रेयांकांचा (क्रेडिट्सचा) हिशेब आधी जुळलेला असेल तरच.

युरोपीय पद्धतीत एका सत्राचे ३० श्रेयांक धरतात, तर आपल्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात वर्षाचे ४०, म्हणजे सत्राचे २०. तेव्हा तिकडच्या सहा श्रेयांकांच्या विषयाला इकडे चार द्यावे लागतील, हे अभ्यासमंडळाकडून विषयवार मंजूर करून घ्यावे आणि विद्यार्थी निघण्यापूर्वीच लर्निंग अ‍ॅग्रीमेंटवर (तिकडे कोणते विषय घेणार आणि इकडे कोणते धरले जाणार, याच्या लेखी करारावर) दोन्हीकडच्या सह्या घ्याव्यात. जर्मनीत १.० ही सर्वोत्तम श्रेणी असते आणि ४.० म्हणजे काठावर पास, त्यामुळे १.३ पाहून आपला परीक्षा विभाग चक्रावला तर नवल नाही. रूपांतराचे सूत्र करारालाच जोडावे. उदाहरणार्थ, आपल्याकडे दहापैकी ८.५ मिळाले आणि उत्तीर्णतेची मर्यादा ४ असेल, तर कमाल गुणांपासूनचा १.५ चा फरक ६ ने (१० वजा ४) भागून ३ ने गुणायचा आणि त्यात १ मिळवायचा. जर्मन श्रेणी येते १.७५.

वेळापत्रकाचे दुखणे याहून चिवट आहे. जर्मन विद्यापीठांचे हिवाळी सत्र ऑक्टोबरमध्ये सुरू होऊन त्याची व्याख्याने फेब्रुवारीपर्यंत चालतात, म्हणजे आपली दोन्ही सत्रे अर्धवट तुटतात. त्यापेक्षा मार्चमध्ये उन्हाळी सत्र सुरू करणारी उपयोजित विज्ञानांची, म्हणजे प्रत्यक्ष कामावर भर देणारी, विद्यापीठे निवडून अभियांत्रिकीचे शेवटचे, प्रकल्पाचे सत्र तिकडे करू द्यावे. तिकडच्या मुलांना फेब्रुवारी-मार्चच्या सुट्टीत तीन-चार आठवड्यांच्या अभ्यासक्रमासाठी बोलवावे. आपल्याकडचे ऊनही तेव्हा त्यांना सोसवते.

शुल्कमाफीचे कलम मोघम ठेवू नये. बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून २०१७ च्या हिवाळी सत्रापासून सत्राला १,५०० युरो घेतले जातात. देवाणघेवाणीतल्या विद्यार्थ्याला ते माफ व्हायचे, तर परस्पर माफी करारात स्पष्ट लिहिलेली हवी. राहण्या-जेवणाचा खर्च तरीही त्याच्याच माथी येतो, हे पालकांना पहिल्याच बैठकीत सांगावे.

येणाऱ्या पाहुण्यांसाठी वसतिगृहाने २४ तासांच्या आत परदेशी व्यक्तीच्या मुक्कामाची माहिती सरकारला देणारा ऑनलाइन अर्ज (पूर्वीचा ‘फॉर्म सी’) भरायचा असतो. तो कोण भरणार, हे रेक्टरांशी बोलून आधीच ठरवावे, कारण विमाने बहुधा शनिवारी मध्यरात्रीच उतरतात.