गाभण भटकी मांजर घरात आली तर
पुण्यात पावसाळ्यात जिन्याखालची गाभण मांजर कोरड्या जागेच्या शोधात हमखास घरात शिरते. तिला उचलू नका, कुरवाळायला जाऊ नका. कमी वर्दळीच्या खोलीत पुठ्ठ्याचं खोकं आडवं ठेवा, आत जुनी सुती साडी अंथरा, तोंडाशी अर्धवट पडदा सोडा. ती खोली फिनाईलने अजिबात पुसू नका, मांजरांना ते विषारी असतं. गाईच्या दुधाने अनेकींना जुलाब होतात. त्यापेक्षा पिल्लांचं कॅटफूड किंवा हाडं काढलेलं, बिनमिठाचं उकडलेलं चिकन थोडं थोडं, तीन-चार वेळा द्या. पाणी कायम हवं. गर्भकाळ साधारण ६३ ते ६५ दिवसांचा. अर्धा तास जोराच्या कळा येऊनही पिल्लू बाहेर आलं नाही, तर लगेच पशुवैद्य गाठा. पिल्लं अंगावर पीत असतानाही ती पुन्हा गाभण राहू शकते, म्हणून बोक्याला लांब ठेवा आणि पिल्लांचं दूध सुटलं की तिची नसबंदी करून घ्या.