भरतकामात प्राणी: दोऱ्याचे रंग आणि टाके कसे निवडावेत

प्राणी फसतो तो बहुतेक वेळा रंगामुळे नाही, टाक्याच्या दिशेमुळे. तपकिरीची एखादी छटा इकडची तिकडे झाली तर कुणाच्या लक्षातही येत नाही. पण गालावरचे केस उलट्या दिशेने भरले की मांजर लगेच विचित्र दिसायला लागतं. म्हणून पहिल्याच कामासाठी पन्नास रंगांच्या लड्या घेऊन ठेवायची काही गरज नाही.

१. आधी प्राणी ठरवा

कुत्र्या-मांजराचा चेहरा सगळ्यांनाच आधी भरावासा वाटतो, आणि नेमका तोच अवघड असतो. सुरुवात मेंढी, हत्ती किंवा मासा यांपासून करा. मेंढीचं अंग नुसत्या गाठींच्या टाक्याने (सुईवर दोरा गुंडाळून काढलेली बारीक गाठ) भरता येतं, आणि गाठी लहानमोठ्या झाल्या तरी लोकर उलट जास्त खरी वाटते. हत्तीला फक्त बाह्यरेषा पुरते. चित्र तळहाताएवढं ठेवा. फार लहान घेतलं तर डोळा आणि नाक यांना जागाच उरत नाही.

२. दोरा आणि पदर

भरतकामाचा नेहमीचा सुती दोरा सहा पदरी असतो. सगळे पदर एकदम वापरायचे नसतात. बाह्यरेषेला २ किंवा ३, लोकरीच्या गाठींना ३, केस भरायला १ किंवा २ आणि मिशांना एकच. साधारण ४५ सेंटिमीटरचा तुकडा कापा, त्यातून एकेक पदर वर ओढून सुटा करा आणि मग हवे तेवढे पुन्हा एकत्र ओवा. दोन पदर एकदम ओढले की गुंता ठरलेलाच. तुकडा लांब घेतला तर सुई ओवायचा वेळ वाचतो खरा, पण कापडातून सारखा ये-जा करून दोरा पिंजतो.

३. रंग: उजळ, मध्यम, गडद

एका प्राण्याला मुख्य रंगाच्या तीन छटा पुरेत. शिवाय नाकाला, कानाच्या आतल्या भागाला एक गुलाबीसर आणि डोळ्याला एक गडद. निवड दिवसाच्या उजेडात करा, पिवळ्या दिव्याखाली क्रीम आणि पांढरा सारखेच दिसतात.

तीन लड्या शेजारी ठेवून मोबाइलवर त्यांचा कृष्णधवल फोटो काढा. त्यात तिन्ही करड्या पट्ट्या वेगळ्या ओळखू आल्या तर छटा बरोबर. दोन एकसारख्या दिसल्या तर त्यातली एक बदला, नाहीतर भरून झाल्यावर प्राणी सपाट वाटेल.

काळं मांजर नुसत्या काळ्या दोऱ्याने भरलं तर त्याचा डाग होतो. अंगाला गडद राखाडी घ्या, उजेड पडतो तिथे निळसर राखाडी, आणि काळा फक्त सावलीपुरता. पांढऱ्या सशाचंही तसंच: क्रीम, फिकट राखाडी आणि थोडासाच शुभ्र. कापडही पांढरं असेल तर ससा दिसणारच नाही, म्हणून पार्श्वभूमी रंगीत घ्या.

४. कुठे कोणता टाका

कडेला उलटी टीप (दर टाक्याला सुई मागे नेऊन केलेली सलग रेषा) किंवा देठाचा टाका (एकमेकांवर थोडे चढलेले, दोरीसारखे दिसणारे तिरके टाके). शेपटी, सोंड, पाठीचा बाक अशा वळणांवर देठाचा टाका जास्त सफाईने वळतो. सिंहाच्या आयाळीला साखळी टाका छान दिसतो. नाक, खूर अशा लहान, गुळगुळीत भागांना भरीव टाका (शेजारी शेजारी लागून घातलेले सरळ टाके), पण तो सेंटिमीटरभरापेक्षा लांब नको. सैल पडतो आणि कशातही अडकतो. साळिंदराच्या काट्यांना साधे सुटे सरळ टाके.

केसाळ अंगाला लांब-आखूड टाका, म्हणजे लहानमोठ्या टाक्यांच्या एकमेकींत मिसळणाऱ्या रांगा. यासाठी एक तयारी हवी: चित्रावर पेन्सिलीने लहान बाण काढा, केस जिकडे वळतात तिकडे. चेहऱ्यावर ते नाकापासून बाहेर, कपाळावरून मागे आणि गालांवरून खाली जातात. पाठीवर शेपटीकडे. टाके याच बाणांच्या रेषेत घालायचे.

क्रमही इथेच ठरतो. नाकाजवळचे केस मागच्या केसांवर येतात, कौलांसारखे. तेव्हा चेहऱ्याच्या बाहेरच्या कडेपासून सुरुवात करून नाकाकडे या. पुढची रांग घालताना सुई आधीच्या टाक्यांच्या मधोमध घुसवा, सरळ ओळीत नाही. नाहीतर दोन छटांमध्ये पट्टा उमटतो. लांब-आखूड म्हटलं म्हणून एक लांब, एक आखूड असं मोजत बसू नका, अनियमित टाकेच केसांसारखे दिसतात.

५. डोळा

डोळ्याला घाई नको. बुबुळ तपकिरी किंवा हिरवट, मधली बाहुली काळी, दोन्ही एकपदरी भरीव टाक्याने. सगळ्यात शेवटी पांढऱ्या दोऱ्याचा एकच बारीक टाका, बाहुलीच्या वरच्या कोपऱ्यात. दोन्ही डोळ्यांत तो एकाच बाजूला हवा, नाहीतर प्राणी तिरळा दिसतो. मिशाही तेव्हाच, सगळं भरून झाल्यावर.

६. उलटी बाजू आणि धुणं

फिकट कापडावर काळा दोरा मागून एका डोळ्याकडून दुसऱ्याकडे नेऊ नका, तो पुढून दिसतो. दोरा तोडा आणि नव्याने सुरू करा. गडद लाल किंवा निळा दोरा असेल तर आधी ओल्या पांढऱ्या चिंधीवर दाबून रंग जातो का ते बघा. चित्र पाण्याने जाणाऱ्या पेनाने काढलं असेल तर इस्त्रीच्या आधी थंड पाण्याने धुवा, कारण उष्णतेने ती शाई कायमची बसू शकते. इस्त्री करताना काम जाड टॉवेलवर पालथं ठेवा, म्हणजे गाठी चपट्या होत नाहीत.