तिसऱ्या उकळल्या म्हणून निर्धास्त राहू नका: या चुका टाळा

रविवारी चोर्ला घाटानं गोव्याला जायचं आणि येताना डब्यात तिसऱ्या आणायच्या, हे बेळगावात बऱ्याच घरांत चालतं. आमच्याकडे त्या रात्रभर पाण्यात ठेवतात, वाळू सुटते. सकाळी उकळायच्या, तोंड उघडेल ती घ्यायची, न उघडेल ती केरात. नियम चांगला आहे, पण तिसरी जिवंत होती की मेलेली याचा फार तर अंदाज त्यातून येतो. तिच्या पोटात शेवाळाचं विष आहे का, हे नाही कळत. मी बरीच वर्षं दोन्ही एकच समजत होतो.

समुद्रात डोळ्यांना न दिसणारं शेवाळ कधीकधी भरमसाट वाढतं. त्यातल्या काही जाती विष तयार करतात. तिसऱ्या, शिनाणे, कालवं पाणी गाळून खातात, त्यामुळे विष त्यांच्यात साठत जातं आणि त्या मात्र ठणठणीत दिसतात. यातलं सॅक्सिटॉक्सिन नावाचं विष उकळून जात नाही, तळून जात नाही, फ्रीजरमध्ये ठेवूनही जात नाही. सोलं, लिंबू, लसूण घाला, चव येईल, बस्स. 1997 मध्ये केरळात विळिंजमला शिनाणे खाऊन सात माणसं दगावली होती.

पाण्याच्या रंगावर विसंबणं ही दुसरी चूक. लाल पाणी दरवेळी विषारी नसतं, आणि स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यातही विषारी जात असू शकते. रात्री लाटा निळ्या चमकतात तेव्हा तो बहुतेक नॉक्टिल्युका नावाचा सूक्ष्म जीव असतो. त्यात हे विष नसतं, पण तो मेला की कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे गुदमरतात. किनाऱ्यावर मेलेले मासे दिसले, तर फुकट म्हणून गोळा करू नका.

खाल्ल्यावर अर्ध्या तासात, किंवा दोन-तीन तासांनी, ओठांना-जिभेला मुंग्या आल्या तर "अ‍ॅसिडिटी असेल" म्हणून जिऱ्याचं पाणी पीत बसू नका. या विषावर उतारा नाही. श्वास अडकू लागला तर कृत्रिम श्वास द्यावा लागतो, म्हणून सरळ दवाखाना गाठा. काय खाल्लं, कधी खाल्लं ते सांगा. उरलेलं कालवण खाऊ नका, पण फेकूही नका, तपासणीला लागेल.

"समुद्र कुठं, आपण कुठं" असंही आपल्याकडे म्हणतात. म्हादई खानापूर तालुक्यात उगम पावते आणि मांडवी होऊन पणजीजवळ समुद्राला मिळते, म्हणजे आपल्या शेतातून वाहून गेलेलं खतही तिथं पोचतं आणि शेवाळाला पोसतं. खोल समुद्रातलं खनिजयुक्त पाणी पावसाळ्यात वर येतं, त्यानंही शेवाळ वाढतं, सगळा दोष शेतकऱ्याचा नाही. पण युरियाच्या 45 किलोच्या पोत्यात जवळपास 21 किलो नत्र असतं. आभाळ भरून आलंय म्हणून घाईनं पोतं रिकामं केलं, तर त्यातलं बरंचसं ओढ्यात जातं. ते हप्त्यानं द्या, मातीआड करा. मलप्रभा, घटप्रभा पूर्वेला कृष्णेकडे वाहतात, तरी घटप्रभेवरच्या हिडकल धरणाच्या साचलेल्या पाण्याला हेच लागू आहे. हिरवी साय धरलेल्या पाण्यावर जनावरं सोडू नका.