पीएस३ला गिटार, ड्रम आणि माइक एकत्र जोडताना

पीएस३ म्हणजे सोनीचा प्लेस्टेशन 3 हा गेम कन्सोल. त्याच्या 2006च्या पहिल्या मॉडेलांना 4 यूएसबी पोर्ट होते; नंतरच्या 40 जीबी, स्लिम वगैरेंना फक्त 2. 'रॉक बँड' या वाद्यांसारख्या कंट्रोलरनी खेळायच्या संगीत-गेमला दोन गिटार, ड्रम आणि माइक लावायचे तर 4 पोर्ट लागतात, कारण प्रत्येक वायरलेस गिटारला स्वतःचा डोंगल (यूएसबीत लावायचा छोटा रिसीव्हर) हवा. जुनी गिटार घेताना डोंगल आधी मागा. तो नसेल तर स्वस्तातली गिटारही महागच.

पोर्ट 2च असतील तर यूएसबी हब (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारा डबा) लागतो. तो घ्या स्वतःच्या अडॅप्टरचाच. बिनअडॅप्टरचा हब एकाच पोर्टच्या 500 मिलिअँपिअरवर सगळ्यांना पोसतो. त्यात पॅड (नेहमीचा कंट्रोलर) चार्जिंगला लावला की माइक किंवा डोंगल मध्येच बंद पडतो. परदेशातून आलेल्या अडॅप्टरवर फक्त 110 व्होल्ट लिहिलं असेल तर तो आपल्या 230 व्होल्टला लावू नका, जळेल.

आधी कन्सोल चालू करा, मग एकेक डोंगल लावून त्याची गिटार जुळवा. दिवा लुकलुकायचा थांबला की पुढचा. डोंगल चिकटून किंवा टीव्हीमागे असले की सिग्नल अडखळतो, म्हणून हब पुढे आणून ठेवा. क्रमांक उलटसुलट झाले तर सेटिंग्जमध्ये, अॅक्सेसरी सेटिंग्जखाली, कंट्रोलर क्रमांक बदलता येतो.