पोटगी किंवा ताब्याचा आदेश बदलून घ्यायचाय? या चुका टाळा

घटस्फोटाच्या वेळी ठरलेली पोटगी, मुलांचा ताबा, भेटीचे वार हे सगळं पुढे बदलून घेता येतं. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५(२) मध्ये पोटगीसाठी आणि कलम २६ मध्ये मुलांसाठी तशी सोय आहे. मात्र बदल करण्याचा अधिकार कोर्टाचा आहे. लोकांचं सर्वात जास्त नुकसान होतं ते हा बदल परस्पर करून टाकल्यामुळे.

नोकरी गेली म्हणून पैसे थांबवणं

ही सर्वात महागात पडणारी चूक. पगार बंद झाला तरी जुना आदेश लागूच असतो आणि दर महिन्याला थकबाकी वाढत जाते. वर्षभराने समोरून वसुलीची दरखास्त (आदेशातली रक्कम वसूल करून देण्यासाठी कोर्टात केलेला अर्ज) आली की माणूस धावत वकिलाकडे जातो. तेव्हा कमी झालेली रक्कम मिळाली तरी ती साधारणपणे अर्जाच्या तारखेपासून पुढे लागू होते. मागचं देणं अंगावर राहतंच. म्हणून अडचण आली त्याच महिन्यात अर्ज करा आणि निकाल लागेपर्यंत जमेल तेवढी रक्कम बँकेतूनच भरत राहा. रोख दिलेले पैसे पुढे सिद्ध करणं अवघड जातं. शाळेची फी परस्पर भरली म्हणून ती पोटगीतून आपोआप वजाही होत नाही. आदेशात तसं लिहिलेलं असावं लागतं.

फोनवर ‘सहा महिने राहू दे’ असं दोघांचं ठरलं असेल, तर फार चांगलं. पण तेवढ्यावर थांबू नका. दोघांच्या सहीची पुरसिस (कोर्टाला दिलेलं लेखी निवेदन) दाखल करून त्यावर कोर्टाचा आदेश घ्या. संबंध बिघडले की तोंडी शब्दाला काही किंमत उरत नाही.

अर्धी माहिती देणं

सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये रजनेश विरुद्ध नेहा या निकालात पोटगीच्या प्रकरणांत दोन्ही बाजूंनी उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचं प्रतिज्ञापत्र देणं बंधनकारक केलं. दुसऱ्या कोर्टात आधी मिळालेले आदेशही सांगावे लागतात, आणि त्यात बदल हवा असेल तर त्याच प्रकरणात मागावा लागतो. पोटगी टाळायला मुद्दाम नोकरी सोडणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं, की कोर्ट कमावण्याची क्षमताही पाहतं.

आपलं दुसरं लग्न हे पोटगी बंद करायला पुरेसं कारण आहे, असं बऱ्याच नवऱ्यांना वाटतं. पश्चिम बंगालमधल्या एका प्रकरणात उच्च न्यायालयाने दरमहा १६,००० ची पोटगी २३,००० केली होती. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवऱ्याचा नवा संसार आणि मूल लक्षात घेऊन ती २०,००० केली. म्हणजे नव्या संसाराचा विचार झाला, पण पहिल्या पत्नीची पोटगी टिकली. पत्नीने पुन्हा लग्न केलं असेल तेव्हाही पैसे थांबवण्याआधी अर्ज करून आदेश घ्यावा.

भेट आणि पोटगीचा सौदा

‘पैसे आले नाहीत, मग मुलाला पाठवणार नाही.’ ‘भेटू देत नाही, मग पैसे नाहीत.’ हे दोन्ही चूक आहे, आणि यात पोर भरडलं जातं. पैशासाठी वसुलीची दरखास्त आहे, भेटीसाठी वेगळा अर्ज आहे. मुलांचे आदेश कधीच अंतिम नसतात. संमतीने ठरलेला ताबासुद्धा मुलाच्या हितासाठी बदलता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केलंय. बदली झाली, दुसऱ्या शहरात जायचंय, तर आधी परवानगी घ्या आणि मग मुलाचा शाळेचा दाखला काढा.

मुलगी अठराची झाली की जबाबदारी संपली, हाही गैरसमज आहे. हिंदू दत्तक व पोटगी कायद्याच्या कलम २० नुसार स्वतःचा खर्च भागवू न शकणारी अविवाहित मुलगी वडिलांकडे पोटगी मागू शकते.

घेणाऱ्यांसाठी मुदतीची गोष्ट

पोटगीचा आदेश फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जुन्या कलम १२५ खाली (१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४) असेल, तर थकलेल्या रकमेच्या वसुली वॉरंटसाठी ती देय झाल्यापासून एका वर्षात अर्ज करावा लागतो. ‘देईल कधीतरी’ म्हणत बसलेल्या कितीतरी जणी या मुदतीमुळे जुनी रक्कम गमावतात. थकबाकी वाढू लागली की आदेशाची सही-शिक्क्याची नक्कल आणि बँकेचा उतारा घेऊन लगेच कोर्टात जा. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.