एक्सेलचा चेहरा बदलला तरी हात चालू ठेवा

मेनू हलले की आधी माऊसने शोधाशोध करू नका. बटणांच्या जागा बदलतात, कीबोर्डचे शॉर्टकट मात्र सहसा तेच राहतात. २००७ मध्ये मायक्रोसॉफ्ट ऑफिसमधले जुने मेनू जाऊन रिबन, म्हणजे वरची बटणांची पट्टी, आली, तरी विंडोजवरच्या एक्सेलमध्ये ऑल्ट, ई, एस हा जुना क्रम अजूनही पेस्ट स्पेशल, म्हणजे नेमकं काय पेस्ट करायचं ते निवडायची खिडकी, उघडतो. आधी कॉपी केलेलं असलं पाहिजे एवढंच. मग व्ही आणि एंटर दाबलं की फॉर्म्युले सोडून फक्त व्हॅल्यू उतरतात.

रोज लागणाऱ्या आठ-दहा कमांड लिहून काढा. त्यातली एखादी सापडत नसेल तर ऑल्ट + क्यू दाबून सर्च बॉक्समध्ये तिचं नाव टाइप करा. पण रोज असं शोधणं वेळखाऊ. कमांड रिबनवर दिसली की तिच्यावर राइट क्लिक करून ती क्विक ॲक्सेस टूलबारमध्ये, म्हणजे आपल्या निवडीच्या बटणांच्या छोट्या पट्टीत, टाका. तिथल्या पहिल्या बटणाला ऑल्ट + १, दुसऱ्याला ऑल्ट + २ मिळतं. हे आकडे क्रमावर ठरतात. मधलं एक बटण काढलं की पुढचे सगळे सरकतात आणि सवयीने भलतीच कमांड चालते. म्हणून क्रम सुरुवातीलाच पक्का करा, नवीन बटण कायम शेवटी जोडा.

रिबनवर नसलेली कमांड फाइल, ऑप्शन्स, क्विक ॲक्सेस टूलबार इथल्या ‘ऑल कमांड्स’ यादीत बघा. त्याच खिडकीत खाली इम्पोर्ट/एक्स्पोर्ट आहे. मांडणी जमली की तिची फाइल काढून ठेवा, कॉम्प्युटर बदलला तरी ती परत चढवता येते.

रिबनवरची बटणं गायब होऊन फक्त टॅबची नावं उरली तर घाबरू नका, बहुधा चुकून कंट्रोल + एफ१ दाबलं गेलेलं असतं. तेच पुन्हा दाबा.